मुठीतलं दूध

चौफुल्याच्या एसटी स्टँडवर माझ्या लेकरानं एका अनोळखी बाईकडं बघून मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. बाई हरखल्या. "अगं बया, टाटा करतंय गं!" म्हणाल्या आणि त्यांनीही हात हलवला. शेजारच्या दोघींनी हलवला. शेंगदाणेवाल्यानंही पुड्या बांधता बांधता हलवला. सगळं बाकडं टाटा करायला लागलं आणि माझं लेकरू मात्र रडकुंडीला आलं, कारण ते टाटा करतच नव्हतं. त्या बाई आपल्या मांडीवरच्या पोराला बाटलीनं दूध पाजत होत्या आणि हे दूध मागत होतं. त्याच्या मतानं त्यानं स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, आणि एवढी मोठमोठी माणसं ते कानाआड करून दात काढत होती. मी त्याला पदराखाली घेतलं तेव्हा कुठं त्याचा राग शांत झाला.

तेव्हा तो वर्षाच्या आतला होता. ही मूठ त्याला मी शिकवली नव्हती. ती आमच्या घरातली होती, माझ्या थोरल्या नणंदेची.

मी शिरूरची. आमच्या माहेरी सगळे एकदम बोलतात आणि ऐकायचं काम शेजाऱ्यांकडं सोपवलेलं असतं. नव्वद सालाच्या पुढंमागं लग्न होऊन मी पाटसजवळच्या वस्तीवर आले. पहिल्या दिवशी जेवायला बसले तर ताटं वाढली, माणसं बसली, आणि कुणी बोलेचना. मला धडकी भरली. म्हटलं, मानपानात आमच्याकडून काही राहिलं की काय! हळूच मान वर करून बघितलं, तर गप्पा अगदी रंगात आलेल्या होत्या. सासरे हातवारे करून काहीतरी सांगत होते, सासूबाई त्यांना हातानंच झिडकारत होत्या, नवरा हसत होता, आणि कोपऱ्यात बसलेली थोरली नणंद तर हसून हसून ठसका लागायच्या बेतात होती. ती जन्मापासून ऐकत नव्हती, म्हणून बोलतही नव्हती. सगळे तिला आक्का म्हणायचे. हाक मारायची झाली तर जमिनीवर पाय आपटायचा. सारवलेल्या भुईतून तिला ते कळायचं. मीही आपटायला शिकले. माझ्या स्वभावाला ते बरंच मानवलं.

सासऱ्यांचं घराणं पूर्वी मेंढरांमागं फिरणारं. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाआधी परतायचं, असं त्यांच्या वडलांपर्यंत चाललं. माळावर या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला ओरडून काय सांगणार? वारा आवाज घेऊन जातो भलतीकडंच. म्हणून त्यांच्यात हातांच्या खुणा होत्या. पाणी सापडलं, कळप वळव, थांब, भाकरी खायला ये. पुढं मेंढरं गेली, जमिनीत ऊस आला, पण खुणा घरात राहिल्या. आक्का झाली आणि तिला ऐकू येत नाही हे कळलं, तेव्हा त्याच खुणा घरकामाला जुंपल्या गेल्या. दूध म्हणजे धार काढताना हाताची होते ती मूठ. भाकरी म्हणजे दोन तळवे एकमेकांवर थापायचे. पाणी म्हणजे अंगठा ओठांकडं न्यायचा. पुरे म्हणजे दोन्ही तळवे पुढं करायचे, कळप थोपवताना करतात तसे.

मला दौंडच्या बाजूला प्राथमिक शाळेत नोकरी होती. बाळंतपणाची रजा संपत आली तशी घरात एकच चर्चा सुरू झाली, की लेकराला सांभाळणार कोण. नवरा कारखान्यात पाळीला जायचा. आबा, म्हणजे सासरे, दिवसभर पाटाच्या पाण्यामागं. सासूबाईंना मी आमच्याकडच्या पद्धतीनं आत्याबाई म्हणायची. त्यांच्या मागं म्हैस, गाय, खुरपणी, शिवाय सगळ्या वस्तीची भांडणं मिटवायचं कामही त्यांच्याकडंच. घरात राहायची ती एकटी आक्का.

मला भेटायला आलेल्या माझ्या आईनं हे ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"बहिऱ्या बाईपाशी लेकरू ठेवून तू दुसऱ्यांच्या पोरांना पाढे शिकवणार व्हय? रडून रडून निळं पडलं तरी तिला कळायचं न्हाई."

आक्का दारात उभी होती. तिला शब्द ऐकू आले नाहीत, पण आईचा चेहरा दिसला, आणि माझ्या आईचा चेहरा बहिऱ्यालाही ऐकू जाईल असाच आहे. आक्का काही न बोलता आत गेली. काही न बोलता म्हणजे हातसुद्धा न हलवता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं झोळीच्या कापडाला एक सुती दोरी बांधली आणि दोरीचं दुसरं टोक आपल्या डाव्या मनगटाला. मग ती सूप घेऊन गहू निवडायला बसली. झोळीत लेकरू नुसतं कुशीवर वळलं की दोरी ओढली जायची आणि ती मान वर करायची. आईला मुद्दाम तिच्या समोर बसवून तिनं हे सकाळभर चालवलं. आईनं बघितलं, पण मान्य केलं नाही. ती एवढ्या लवकर काही मान्य करत नाही.

मी शाळेत जायला लागले, पण जीव घरी. फळ्यावर बेरीज मांडता मांडता मध्येच हात थांबायचा. दुपार उलटली की छाती भरून यायची, ब्लाऊज ओला व्हायचा, मग पदर पुढं ओढून घ्यायची आणि मुलांना मोठ्यानं वाचायला लावायची. एकदा शाळा अर्ध्यातच सुटली. वस्तीकडं वळणाऱ्या वाटेवरून आमचं अंगण दिसायचं. आक्का लसूण सोलत बसली होती. झोळी हलली. तिनं मनगटाकडं बघितलं, लसूण बाजूला ठेवला, हात धुतले आणि झोळीपाशी गेली. लेकरानं अजून तोंडही वाकडं केलं नव्हतं. तिनं दूध लगेच दिलं नाही. आधी त्याच्या डोळ्यांसमोर मूठ धरली, उघडली, मिटली. त्याची नजर मुठीवर येईपर्यंत थांबली. मग बोंडल्यानं, म्हणजे चोच असलेल्या लहानशा वाटीनं, त्याला गाईचं दूध पाजलं. त्यानं तोंड फिरवल्यावर दोन्ही तळवे पुढं करून "पुरे" केलं आणि बोंडलं खाली ठेवलं.

मी कुंपणापाशीच उभी राहिले. ती त्याला शिकवत वगैरे नव्हती. बोलत होती. मी त्याच्याशी तोंडानं वटवट करायची, ती तिच्या बोलीत करत होती, एवढंच. मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. माझं दूध छातीत दुखत होतं आणि तो आक्काकडं बघून हसत होता. पण त्या दिवसापासून फळ्यावरचा हात थांबायचा बंद झाला.

पुढं काही महिन्यांनी, एका संध्याकाळी मी एसटीतून उतरून घाईघाईनं घरी आले. लेकरू आत्याबाईंच्या मांडीवर होतं. त्यानं मला बघितलं. नेहमीसारखं अंग टाकलं नाही, रडलंही नाही. नुसता हात वर केला आणि मूठ उघडली, मिटली, उघडली. सगळी बोटं एकदम वळत नव्हती, करंगळी मागं राहात होती. पण काय म्हणतोय ते कळायला मला काहीच वेळ लागला नाही. चपलाही काढायच्या आधी दारातच मला पान्हा फुटला आणि मी रडायला लागले. माझ्या पोटच्या गोळ्यानं मला पहिल्यांदा काहीतरी सांगितलं होतं, आणि ते मला समजलं होतं.

"अगं रडतीस काय येड्यावानी," आत्याबाई म्हणाल्या, "लेकरू मागतंय त्ये दे की आदी!"

आक्का चुलीपासून उठून आली होती. तिनं त्याची करंगळी धरून हळूच आत दुमडली. चुकलेलं अक्षर गिरवून घ्यावं तसं.

त्यानंतर आमच्या घरात रडणं जवळजवळ संपलंच. बाकीच्या घरांतली पोरं भोकाड पसरायची आणि त्यांच्या आया अंदाजानं कधी घुटी, कधी पाणी, कधी धपाटा द्यायच्या. आमचं पोरगं हात करायचं. पाण्याला अंगठा, भाकरीला टाळ्या. अंगठ्यानं मात्र एकदा घोटाळा केला. नवऱ्याच्या खात्यातले एक साहेब घरी आले होते. हा त्यांच्यासमोर जाऊन बसला आणि अंगठा ओठांकडं नेऊन त्यांना खूण करायला लागला. साहेब माझ्या नवऱ्याकडं बघून म्हणाले, "काय हो, पोरगं कुणाचं बघून शिकलं?" बिचाऱ्यानं उभ्या जन्मात थेंबाला शिवलेलं नाही. त्याला घाम फुटला, आणि आबा तोंडाला पंचा लावून बाहेर निघून गेले.

आक्का त्या काळात अंगानंही भरली. मला तर ती तरुण झाल्यासारखी वाटायची. घरातले सगळे तिच्याशी खुणा करायचे, पण कामापुरत्या. बोलणं आपलं तोंडानं व्हायचं आणि तिला त्यातलं मोजकं तेवढं सांगितलं जायचं. हा असा एकटाच होता ज्याची पहिली बोली तिचीच होती. दोघं अंगणात बसून कावळ्याच्या, म्हशीच्या, चंद्राच्या काय काय गोष्टी करायचे. चांदोबाला भाकरीची खूण त्यानंच काढली होती. ती आक्कानं आम्हा सगळ्यांना पुन्हा पुन्हा दाखवली.

पण हा दीड वर्षाचा झाला, त्याच्या पुढं गेला, आणि तोंडातून शब्द फुटेना. ऐकू येत होतं, त्याबद्दल शंका नव्हती. एसटीचा हॉर्न वाजला की सगळ्यांच्या आधी पळायचा. हसायचा, ओरडायचा, गुरगुरायचा, पण आई नाही, बाबा नाही, काही नाही. वस्तीवरची त्याच्या वयाची पोरं शेळीला शिव्या देण्यापर्यंत पोचली होती. बायका आडून बोलायला लागल्या आणि मग आडून बोलायचंही सोडलं. "बहिरीनं मुकं केलं पोराला," हे मी पाणी भरताना माझ्या कानांनी ऐकलं. हंडा तिथंच ठेवून मी असं भांडले की वर्षभर त्या बाईनं माझ्याशी डोळा भिडवला नाही. पण घरी आल्यावर मीही त्याला पुढ्यात बसवलं आणि 'आई म्हण, आई म्हण' करत राहिले.

सुट्टीत त्याला घेऊन शिरूरला गेले, तर आई उपाय ठरवूनच बसली होती. वेखंड मधात उगाळून जिभेला लावून झालं. त्यानं तोंड असं केलं की बोलायची उरलीसुरली इच्छाही गेली असावी. मग आईनं ठरवलं, पोपटाचा उष्टा पेरू द्यायचा. पोपटानं चोच मारलेलं फळ खाल्लं की पोर बोलतं, अशी आमच्याकडं समजूत आहे. आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या खालांकडं पोपट होता. खालांचं घर तिथं आमच्याही आधीपासूनचं, आणि ईदेचा शीरखुर्मा आणि आमच्या पुरणपोळ्या त्या भिंतीवरूनच इकडं तिकडं व्हायच्या. आईनं पेरू मागितला तर खाला हसायला लागल्या.

"घ्या की, त्याला इचारायचं काय! पर आमचा मिठू दिसभर 'कोण हाय, कोण हाय' करतो, आन् कुणी आलं की गाली देतो. लेकरू तसलं बोलाया लागलं तर आमच्या नावानं खडे फोडू नका."

पेरू त्यानं आवडीनं खाल्ला. खाऊन झाल्यावर मिठूकडं बघून दोन्ही तळवे पुढं केले. मिठूनं त्याला गाली दिली.

आई मला सोडायला पाटसला आली. माझ्या आईचं आणि आत्याबाईंचं लग्नापासून एका गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं. या वेळी दोघी ओट्यावर बसल्या आणि चहा संपायच्या आत झालं.

"हातानं समदं मिळतंय म्हटल्यावर त्ये तोंड कशाला उघडंल?" आई म्हणाली.

आत्याबाईंनी बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "व्हय. बंद केलं पायजे."

मी तणतणले. म्हटलं, "आत्याबाई, तुमचीच लेक हाय ती. तिच्या तोंडावर पट्टी बांधल्यासारखं हाय हे." त्या म्हणाल्या, "मला नगं सांगू, लेक काय असती ती." आणि उठून त्यांनी आक्काला सांगितलं. सांगितलं म्हणजे खुणांनीच, दुसरा मार्गच नव्हता. लेकरासमोर हात करायचे नाहीत, हे त्यांनी हातांनी सांगितलं.

मला वाटलं आक्का चिडेल, रडेल. मी तिच्या मागं गोठ्यात गेले आणि खुणेनं म्हटलं, ऐकू नकोस त्यांचं, मी आहे. आक्कानं मान हलवली. आपल्या कानाला हात लावला, मग ओठांना, मग छातीवर बोट टेकवलं. मग अंगणात खेळणाऱ्या लेकराकडं बोट केलं आणि हवेत हात असा फिरवला, जसं पाटीवरचं लिहिलेलं पुसतात. माझ्यासारखा तो व्हायला नको. एवढं बोलून तिनं हात पदराखाली घेतले.

तिनं शब्द पाळला. लेकरू समोर आलं की तिचे हात काखेत जायचे. तो मूठ करायचा, ती नुसती बघायची. तो तळवे थापायचा, ती दुसरीकडं बघायची. आत्याबाई वाटी घेऊन बसायच्या, "म्हन दूद. म्हन की. मग देते." तो त्यांच्या तोंडाकडं बघायचा, मग आक्काकडं, मग उठून जायचा. दिवसा त्यानं खाणंच सोडलं. मी संध्याकाळी आल्यावर अंगाला लोचायचा, पण एवढ्या मोठ्या पोराचं माझ्या दुधावर काय भागणार? त्याच्या बरगड्या हाताला लागायला लागल्या. मी शाळेतून रजा काढायचं ठरवलं. नोकरी गेली खड्ड्यात, असंही एकदा जेवताना म्हटलं.

मग तो रविवार आला. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. आक्का भिंतीला टेकून बसली होती, हात पदराखाली. आत्याबाई दूधभाताची वाटी घेऊन त्याच्या मागं मागं, "म्हन, राजा, एकदा म्हन." तो त्यांच्यापासून सुटला आणि आक्काच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. त्यानं मूठ केली. आक्कानं डोळे मिटून घेतले. डोळे मिटल्यावर तिला बोलणं ऐकूच येणार नव्हतं.

त्यानं जरा वाट बघितली. मग तिचा पदर ओढला. आत चाचपडून तिचा उजवा हात बाहेर काढला, आपल्या पोटापाशी धरला, आणि दोन्ही हातांनी जोर लावून तिची बोटं दुमडायला लागला. सगळी दुमडून झाली की पुन्हा एकेक उघडायचा. पुन्हा दुमडायचा. करंगळी मागं राहिली तर ती वेगळी आत सारायचा. त्याला वाटलं असावं, आक्काचे हात बिघडले. ते विसरलेत, त्यांना आठवण करून द्यायला पाहिजे.

आक्काच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात तिनं सैल सोडला होता. त्याच्या बोटांनी तिची मूठ होत होती.

माझ्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. आत्याबाई मट्कन खाली बसल्या. वाटी त्यांच्या मांडीवर कलंडली, दूध लुगड्यात गेलं, तरी त्यांना भान नव्हतं. त्या माझ्याशी बोलत होत्या की स्वतःशी, मला नीट कळलं नाही.

"ही अशीच एवढी हुती. समदी म्हनायची, खुणा करू दिऊ नगं, हात बांध तिचं, म्हंजी तोंड उघडंल. मी बांधलं. माज्या चोळीच्या खणानं बांधलं ह्या हातांनी. पोरीनं पान्याचा घोट घेतला न्हाई. घेनार कशी? मागायची कशानं? मला अक्कल न्हवती तवा. जवा सोडलं तवा तिनं पहिलं काय केलं ठावं हाय? माजंच डोळं पुसलं."

त्या तशाच सरकत सरकत दोघांपाशी गेल्या. आक्काच्या गुडघ्यावर थाप मारली. आक्कानं डोळे उघडले, तेव्हा आत्याबाईंची मूठ तिच्यासमोर होती. उघडत होती, मिटत होती.

"बोलंल तवा बोलंल," त्या मला म्हणाल्या, "न्हाई बोलला तर न्हाई. मला पुन्यांदा हे बघायचं न्हाई. जा, दुसरी वाटी आन."

मी आणली. आक्कानं मूठ दाखवली, त्यानं दाखवली, आणि भात संपेपर्यंत दोघांनी एकमेकांवरची नजर काढली नाही. त्या दिवशी मी आत्याबाईंच्या गळ्यात पडले. अशी गळ्यात पडायची आमच्याकडं पद्धत नाही. त्या म्हणाल्या, "सर तिकडं, लुगडं भिजलंय माजं."

आणि तो बोलला. त्या वर्षी कारखान्याचं धुराडं पेटलं, उसाच्या बैलगाड्यांची रांग रस्त्याला लागली, त्या सुमाराला. आत्याबाई त्याला आग्रहानं लापशी भरवत होत्या आणि त्या आग्रह करायला बसल्या की पैलवानही हात टेकतो. यानं दोन्ही तळवे पुढं केले आणि त्याबरोबर खणखणीत म्हणाला, "बास!"

माझी नक्कल होती ती, वर्गात मुलांना गप्प करताना मी म्हणते आणि सवयीनं घरीही म्हणते तसं. आबा बाहेरून धावत आले. नवऱ्यानं त्याला उचलून डोक्यावर घेतलं. आत्याबाईंनी आधी त्याची अलाबला घेतली आणि मग लापशीचा आणखी एक घास कोंबला, तेव्हा तो पुन्हा "बास" म्हणाला. शिरूरला निरोप गेला, तर आईनं सगळं श्रेय मिठूला देऊन टाकलं आणि खालांकडं पेढे पाठवले. मिठूनं पेढे घेऊन जाणाऱ्यालाही गाली दिली म्हणे.

त्या गडबडीत आक्का चुलीपाशी उभी होती. आम्ही का नाचतोय ते तिला कळलं नव्हतं. तिनं मला खुणेनं विचारलं, काय झालं? मी ओठांपासून हात पुढं नेऊन बोटं हलवली, आणि त्याच्याकडं बोट केलं. तिला समजलं. ती हसली, टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण मग तिचे हात आपोआप पदराकडं जायला लागले. तिच्या मनात काय आलं ते मला दिसत होतं. आता त्याला तोंड मिळालं. आता तो आमचा झाला.

तो बापाच्या खांद्यावरून खाली उतरला. तुरूतुरू चालत तिच्यापाशी गेला, तिच्या लुगड्याला धरून मान वर केली आणि तिच्यासाठी तीच गोष्ट पुन्हा सांगितली. दोन्ही तळवे पुढं केले. तोंड मिटलेलं होतं. आवाज त्यानं आमच्यासाठी काढला होता. आक्काला तो तिच्या बोलीत सांगत होता.

एवढ्याशा पोराला हे कसं कळलं, मला आजही माहीत नाही. आक्कानं त्याला उचललं आणि गोठ्यात घेऊन गेली. बराच वेळ दोघं तिकडंच होती. आम्ही कुणी बोलावलं नाही.

आता तो दहावीला आहे. आवाज फुटलाय, मिसरूड आलंय, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो. माहेरचं रक्त म्हणून आत्याबाई मला टोमणे मारतात. क्रिकेटची अख्खी मॅच तो आक्काला हातांनी सांगतो, आऊट झालेल्या माणसाच्या चेहऱ्यासकट. मोबाइल आला तेव्हा त्याला पहिली अडचण हीच वाटली, की यावर आक्काशी बोलता येत नाही.

मागच्या आठवड्यात सराव परीक्षेचे मार्क कळले. त्यानं फार जीव तोडून अभ्यास केला होता आणि गणितात घसरला. घरी आला तो दप्तर फेकूनच. मी ताट वाढलं तर म्हणाला, "भूक न्हाई." आत्याबाई आता जागेवरून उठत नाहीत, त्यांनी खाटेवरून हाक मारली तर त्यांच्यावरही खेकसला, "न्हाई म्हटलं ना!" भिंतीकडं तोंड करून बसला, गुडघ्यावर दोन्ही मुठी आवळलेल्या.

आक्कानं यातलं काहीच ऐकलं नव्हतं. ती आतून आली, त्याच्याकडं बघितलं, मग आमच्याकडं बघितलं. केस सगळे पांढरे झालेत तिचे, गुडघे धरतात, तरी त्याच्यासमोर जमिनीवर बसली. त्यानं मान फिरवली. तिनं त्याची उजवी मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि एकेक बोट सोडवायला लागली. अंगठा, मग पुढची, शेवटी करंगळी. सगळी उघडून झाल्यावर तिनं ती पुन्हा हळूहळू दुमडली.

तो भिंतीकडंच बघत होता. पण पुढच्या वेळी मूठ उघडली ती त्यानं स्वतः.

आक्का उठली आणि तिनं दूध तापत ठेवलं.